टाळ्या पडल्या, पण मतं वळली का?

हिटलर सत्तेवर कसा आला, असं कुणालाही विचारा. उत्तरात त्याच्या भाषणांचा उल्लेख हमखास येतो. प्रचंड सभा, चढत जाणारा आवाज, भारावलेली गर्दी. पेटर झेल्ब आणि सिमोन मुन्झर्ट या राज्यशास्त्रज्ञांनी ही समजूत आकड्यांवर घासून पाहिली. १९२७ ते १९३३ या काळातल्या हिटलरच्या ४५५ जाहीर सभांची ठिकाणं आणि तारखा त्यांनी जमवल्या. मग जिथे सभा झाली तिथलं मतदान त्यांनी सभा न झालेल्या, पण बाकी बाबतींत सारख्या भागांतल्या मतदानाशी ताडून पाहिलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सभांमुळे मतदानात पडलेला फरक नगण्य होता. थोडाफार परिणाम दिसला तो १९३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत. तेव्हा प्रचाराचे दिवस अगदी मोजके होते आणि प्रचार कमालीचा एकतर्फी होता.

मग प्रचाराची ताकद ही निव्वळ दंतकथा म्हणायची का? अजिबात नाही. ती आपण चुकीच्या जागी शोधतो, एवढंच. वक्त्याच्या जिभेवर सरस्वती नाचते आणि ऐकणाऱ्याचं मत तिथल्या तिथे फिरतं, हे चित्र आपल्या मनात पक्कं बसलं आहे. पण सभेला जाणारा बहुतेक वेळा आधीच त्या बाजूला झुकलेला असतो. आणि टाळ्यांवरून मन वळल्याचं ठरवता येत नाही. जॉन हेरिटेज आणि डेव्हिड ग्रेटबॅच यांनी १९८१ च्या ब्रिटिश पक्ष-अधिवेशनांतल्या ४७६ भाषणांचा अभ्यास केला, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश टाळ्या वाक्यांच्या मोजक्या घडणींशी जोडलेल्या निघाल्या. ‘ते असे, आम्ही असे’ हा विरोध, एकापाठोपाठ येणारे तीन शब्द, आधी कोडं आणि मग उत्तर. टाळी नेमकी कधी वाजवायची हे श्रोत्याला अशा वाक्यांतून अगोदरच कळतं.

मन वळतं ते याहून संथपणे, आणि त्याचं सगळ्यात साधं हत्यार म्हणजे उजळणी. १९७७ मध्ये लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टाइन आणि थॉमस टॉपिनो यांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बोलावलं. दर वेळी साठ विधानं ऐकवायची आणि प्रत्येक विधान कितपत खरं वाटतं ते विचारायचं, इतका सरळ प्रयोग होता. विधानं काही खरी, काही खोटी, पण सगळीच पटण्याजोगी. त्यांतली वीस विधानं तिन्ही वेळा पुन्हा आली. नव्या विधानांवरचा विश्वास होता तिथेच राहिला. पुन्हा आलेल्यांवरचा, खऱ्या आणि खोट्या दोन्हींवरचा, दर खेपेला वाढत गेला. मानसशास्त्रात याला सत्याभास म्हणता येईल, आणि त्यानंतर असंख्य प्रयोगांत तो दिसला आहे.

याचं कारण मेंदूच्या एका काटकसरीत आहे. एकदा ऐकलेलं वाक्य दुसऱ्यांदा समजून घ्यायला कष्ट कमी पडतात. हा सोपेपणा ओळखीमुळे आला की खरेपणामुळे, याचा हिशेब मेंदू ठेवत नाही. सहज उमगलं म्हणजे खरं असणार, असं तो धरून चालतो. एरवी ही सवय वाईट नाही, कारण रोजच्या जगण्यात जे पुन्हापुन्हा कानावर येतं ते बहुतांशी खरंच असतं. प्रचारक नेमका या भरवशाचा फायदा घेतो.

शिकलेसवरलेले लोक यातून सुटत असतील, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. लिसा फॅझिओ आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या प्रयोगांनी ती आशा ठेवली नाही. त्यांच्या विधानांपैकी एक होतं: ‘स्कॉटलंडचे लोक घालतात त्या आखूड, चुण्यांच्या घागऱ्याला साडी म्हणतात.’ खरं उत्तर ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यावरसुद्धा उजळणीचा परिणाम झाला. म्हणजे ते विधान त्यांना पूर्ण पटलं असं नाही; पण ‘हे साफ खोटं’ म्हणण्यातला ठामपणा सैल झाला. ज्ञान डोक्यात असतं, पण प्रत्येक वाक्यासरशी ते बाहेर काढून पडताळा घेण्याची तसदी मेंदू घेत नाही. पुढे २०२१ मध्ये एकच विधान तब्बल २७ वेळा दाखवून पाहिलं गेलं. विश्वास वाढतच राहिला, पण सर्वांत मोठी उडी होती ती पहिल्यावरून दुसऱ्या वेळेला. खोट्या गोष्टीची केवळ दुसरी फेरीदेखील किती महत्त्वाची असते, हे यावरून लक्षात यावं.

सभा एकदाच होते. रेडिओ रोज वाजतो. माया अदेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मधल्या अभ्यासात हिटलरच्या काळातल्या जर्मनीच्या कोणत्या भागात रेडिओचे संकेत किती जोरकस पोचत होते ते पाहून मतदान तपासलं. १९३३ च्या आधी रेडिओवरच्या राजकीय बातम्यांचा सूर नाझींच्या विरोधात होता, आणि जिथे रेडिओ नीट पोचत होता तिथे नाझींची वाढ मंदावली होती. ३० जानेवारी १९३३ ला सत्ता मिळाली, रेडिओ हाती आला, आणि ५ मार्चच्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांत, तोच रेडिओ नाझींची मतं वाढवू लागला. त्याच वर्षी ७६ मार्कांत मिळणारा स्वस्त ‘लोकांचा रेडिओ’ बाजारात आला. त्याच्या नमुन्याचा क्रमांक होता ३०१, सत्ताग्रहणाच्या तारखेची आठवण म्हणून.

पण याच अभ्यासातला पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. ज्या भागांत ज्यूद्वेषाचा जुना इतिहास होता, तिथे रेडिओवरच्या द्वेषप्रचाराने आग भडकली. जिथे तसा इतिहास नव्हता, तिथे त्याच प्रचाराचा परिणाम उलटा झाला. शब्द तेच, आवाज तोच; ऐकणाऱ्यांच्या मनात आधी काय साठलं होतं त्यावर सगळं ठरलं.

आफ्रिकेतल्या रवांडात १९९३ च्या जुलैमध्ये ‘आरटीएलएम’ नावाचं रेडिओ केंद्र सुरू झालं. गाणी, गप्पा, विनोद, आणि त्यांच्या मधूनमधून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी लोकांना ‘झुरळं’ म्हणणं. १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवस वंशसंहार चालला, तेव्हा हे केंद्र माणसांची नावं आणि त्यांचे ठावठिकाणे प्रसारित करत होतं. डोंगराळ प्रदेशामुळे काही गावांत त्याचे संकेत पोचत होते, शेजारच्या गावांत नाही. या फरकाच्या आधारे डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी अंदाज बांधला, की संहारातला सुमारे दहा टक्के सहभाग या प्रसारणामुळे होता. या आकड्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शिवाय उरलेल्या नव्वद टक्क्यांसाठी या केंद्राची गरज लागली नव्हती, हेही विसरता येत नाही.

त्याच देशात २००४ मध्ये ‘मुसेकेवेया’ ही सलोख्याची रेडिओमालिका सुरू झाली. एलिझाबेथ लेव्ही पॅलक यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही गटांना वर्षभर ती मालिका ऐकवली आणि इतर गटांना आरोग्यावरची दुसरी मालिका. वर्षाअखेर श्रोत्यांच्या स्वतःच्या धारणा फारशा बदललेल्या नव्हत्या. बदलली होती ती ‘आपल्या लोकांत काय चालतं, काय चालत नाही’ याची समज. शेवटी प्रत्येक गटाला मालिकेच्या कॅसेटचा संच भेट दिला आणि तो कुणाकडे ठेवायचा हे त्यांच्यावर सोपवलं. आरोग्याची मालिका ऐकलेले गट बहुधा गावच्या अधिकाऱ्याकडे ठेवायला मुकाट्याने तयार झाले. सलोख्याची मालिका ऐकलेल्यांनी मात्र उघड हरकत घेतली, वाद घातला, आणि सगळ्यांनी मिळून सांभाळायच्या वाटा सुचवल्या.

माझ्या मते प्रचाराचं खरं बळ इथे आहे. तो प्रत्येकाचं मत बदलायच्या फंदात पडत नाही. शेजारी काय मानतो, कशाला आता कुणी नावं ठेवणार नाही, कशावर गप्प बसणं शहाणपणाचं, ही समज बदलली की त्याचं काम भागतं. द्वेष आधीपासून मनात असलेल्याला बोलायची मुभा मिळते, आणि तो नसलेल्याला आपण एकटे पडलो असं वाटू लागतं.

सत्याभासावर एक उतारा प्रयोगशाळेत सापडला आहे. विधान पहिल्यांदा समोर येतं त्याच क्षणी ‘हे खरं आहे का?’ असं विचारून लोकांकडून उत्तर घेतलं, तर पुढच्या उजळणीचा परिणाम पुसला जातो, असं नादिया ब्रॅशिअर आणि सहकाऱ्यांना २०२० मध्ये आढळलं. मात्र तो लागू पडला फक्त ज्या विधानांचं खरं उत्तर लोकांना आधीपासून ठाऊक होतं तिथे. ज्यांच्याबद्दल काहीच माहिती नव्हती, ती विधानं पहिल्या क्षणी शंका घेऊनही दुसऱ्या खेपेला जास्त खरी वाटलीच.