सेट : बसवण्यापासून संचापर्यंत

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, या प्रश्नाचे उत्तर कित्येक वर्षे ‘सेट’ हेच होते. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत या एका क्रियापदाची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे आणि अर्थ ४३०. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा २०११च्या सुमारास त्याचे ६४५ अर्थ भरले आणि ‘सेट’चा पहिला नंबर गेला. तरी पुण्यात बसून या विषयात शिरायचे तर ‘सेट’च हाताशी घ्यावा. तो आपण दिवसभर बोलतो, आणि त्याचे मूळ आपल्या अगदी ओळखीचे आहे.

जुन्या इंग्रजीतले रूप ‘सेट्टन’. त्याचा अर्थ ‘बसवणे’. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसायला लावणे, असा तो प्रयोजकाचा मामला आहे. आपण पडणे-पाडणे, मरणे-मारणे अशा जोड्या आतला स्वर बदलून करतो. जर्मानिक भाषांनी, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळानेही, तेच केले. संस्कृतात ही जोडी ‘सीदति’ आणि ‘सादयति’ अशी आहे, दोन्ही ‘सद्’ धातूची. ‘सादयति’ आणि ‘सेट’ हे केवळ दिसायला सारखे नाहीत, एकाच मूळ शब्दाची ती एकाच भाषाकुळाच्या दोन शाखांत उतरलेली रूपे आहेत. याच धातूवरून, लोक एकत्र बसले की ‘परिषद’ होते आणि ‘संसद’ होते. शिष्य गुरूजवळ बसला की ‘उपनिषद’. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसला की पाणी ‘प्रसन्न’ होते, मन खाली बसले की ‘विषण्ण’. टिळक रस्त्यावरची १९०६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र साहित्य परिषद आणि इंग्रजी ‘सेट’ एकाच घराण्यातले आहेत, हे मला कधीही सांगायला आवडते.

एकदा ‘बसवणे’ हा अर्थ हाती आला की ४३० अर्थांची भीती बरीच कमी होते. कोंदणात खडा बसवणे, घड्याळाचा काटा बसवणे, छापखान्यात खिळे जुळवून पान बसवणे, निखळलेले हाड बसवणे, या सगळ्यांना इंग्रजीत ‘सेट’ चालते. आणि मराठी ‘बसणे’ तरी काय कमी फिरलेले आहे? घसा बसतो, धंदा बसतो, फटका बसतो, विश्वास बसतो, घडी बसते, पोलके अंगाला बसते, नाटक बसवले जाते, गणपती बसवले जातात, आणि दुकानातून बाहेर पडताना आपण विचारतो, “सगळे मिळून किती बसले?” यातला एकही अर्थ कुणी बसून ठरवलेला नाही. छोटे, रोजच्या हालचालीचे क्रियापद असले की लोक ते नव्या कामाला लावतात, आणि ते काम टिकले की अर्थ कायम होतो.

‘सेट’च्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. बाराव्या-तेराव्या शतकांपासून इंग्रजीवर फ्रेंचचे ओझे पडत गेले आणि जुन्या फ्रेंचमधून ‘सेट’ असाच ऐकू येणारा दुसरा शब्द आला. तो लॅटिन ‘सेक्ता’चा वंशज, ‘सेक्ता’ म्हणजे मागून चालणारे, अनुयायी. ‘सेक्ट’, ‘सूट’, ‘स्वीट’ ही त्याची भावंडे. मूळ लॅटिन धातू ‘सेक्वी’, म्हणजे मागे जाणे, सोबत असणे. संस्कृतात तो ‘सच्’, आणि त्यावरून आपला ‘सचिव’. म्हणजे वस्तूंचा गट या अर्थाचा ‘सेट’ हा ‘सचिव’चा नातलग आणि बसवण्याचा ‘सेट’ हा ‘परिषदे’चा. उच्चार आणि स्पेलिंग एक झाल्यामुळे दोघे एकमेकांत इतके मिसळले, की आज कित्येक अर्थांपुढे कोशकारांनाही दोन्हीकडे बोट दाखवावे लागते.

पुण्यात हे दोन्ही प्रवाह सरळ दिसतात. लक्ष्मी रस्त्यावर लग्नाचा ‘सेट’ बघायला आलेले लोक हार, कानातले आणि बांगड्या एकत्र मागतात, हा सोबतीचा सेट. तिथेच आत कारागीर हिऱ्याचे ‘सेटिंग’ करतो, तो बसवण्याचा. सोफा सेट, चहाचा सेट, पान्यांचा सेट, दोन-तीन मऊ डोशांचा सेट डोसा हे पहिल्या वाटेचे. गवंड्याचे सिमेंट ‘सेट’ झाले, ते दुसऱ्या. (भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटने पहिली ३० मिनिटे तरी बसू नये आणि ६०० मिनिटांच्या आत पूर्ण बसावे.)

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ‘सीएनसी सेटर कम ऑपरेटर पाहिजे’ अशा पाट्या लागतात. सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे कातकामाचे यंत्र. हा सेटर जे करतो त्यात मूळ अर्थ अजून जसाच्या तसा आहे. चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या फिरत्या पकडीत, जॉब बसवायचा, डायल लावून तो फिरताना हलत नाही हे बघायचे, प्रत्येक टूलचा ऑफसेट, म्हणजे मापातला फरक, यंत्रात भरायचा, पहिला पीस काढून मायक्रोमीटरने मोजायचा, दोन-चार मायक्रॉन इकडे-तिकडे असेल तर ऑफसेट बदलायचा. माप आले की म्हणायचे, “सेट झालं, घे चालव.” मग तो पुढच्या मशीनकडे वळतो आणि ऑपरेटर त्याच सेटिंगवर पुढचे पीस काढत राहतो. त्या सेटरला जुनी इंग्रजी शिकवावी लागत नाही, ती त्याच्या हातात आहे.

खेळात पुण्याचे नाव आणखी जवळून येते. बॅडमिंटनला एकेकाळी ‘पूना’ असेही म्हणत. इथल्या लष्करी छावणीत तो जोरात खेळला जाई. १५ गुणांच्या जुन्या पद्धतीत १४-१४ बरोबरी झाली, की आधी चौदावर पोचलेला खेळाडू गेम ‘सेट’ करायचा का ते ठरवी. केला तर पुढे तीन गुणांची लढत. २००६ पासून २१ गुणांची पद्धत आली आणि हा अर्थ मैदानावरून गेला. वापर थांबला की अर्थ जातो, त्याचे हे ताजे उदाहरण.

गणितातला ‘सेट’ तुलनेने तरुण आहे. गणिती कँटरने १८७४ पासून हा विषय जर्मन भाषेत मांडला. इंग्रजीत आधी ‘अ‍ॅग्रिगेट’ हा शब्दही चालत होता, मग ‘सेट’ स्थिरावला. मराठीत त्याला ‘संच’ म्हणतात आणि बालभारतीच्या नववीच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण त्याचे आहे. विद्यापीठाच्या ‘सेट’ परीक्षेचा यातल्या कशाशीच संबंध नाही, ती आद्याक्षरांची जुळणी आहे.

हे सगळे आज सांगता येते, कारण कुणीतरी अर्थांचा क्रम आणि काळ नोंदवला. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंच यांनी मांडले की कोशकाराने इतिहासकार व्हावे, चांगले-वाईट ठरवणारा न्यायाधीश नव्हे. त्यातून निघालेल्या ऑक्सफर्ड कोशाचे जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले, १८८४ मध्ये पहिला भाग आला आणि १९२८ मध्ये काम पुरे झाले. एका चिठ्ठीवर एक अवतरण, कुठले आणि कोणत्या सालचे, अशा चिठ्ठ्या लोकांनी पोस्टाने पाठवल्या. छापलेली अवतरणे अठरा लाखांवर गेली. त्याच १८५७ साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली. मोल्सवर्थबरोबर काम केलेले थॉमस कँडी पुण्यातले. १८४७च्या इंग्रजी-मराठी कोशासाठी ‘सेट’सारख्या शब्दापुढे एक मराठी शब्द लिहून भागत नाही, हे त्यांच्या नक्कीच अनुभवाला आले असणार. वामन शिवराम आपटे यांनी १८८४ मध्ये इंग्रजी-संस्कृत कोश केला, तेव्हा तीच अडचण संस्कृतकडून सोडवावी लागली.

मरे यांची पद्धत पुण्यात पूर्ण रुजली ती येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात. १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृत महाकोशाचे काम सुरू केले. ‘ऐतिहासिक तत्त्वांवर’ हे शब्द ऑक्सफर्ड कोशाच्या मूळ नावातलेच, आणि चिठ्ठ्यांच्या दालनाला ‘स्क्रिप्टोरियम’ हे नावही मरे यांच्या कार्यशाळेचेच. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे १,५०० ग्रंथांतून वेचलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तिथे लोखंडी कप्प्यांत आहेत. पहिला खंड १९७६ ते १९७८ दरम्यान डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला; ३५ खंड झाले तेव्हाही कोश ‘अ’मध्येच होता. लोक याला संथपणा म्हणतात. मला ते पटत नाही. एका शब्दाचे अर्थ कालक्रमाने लावायचे तर प्रत्येक चिठ्ठी वाचावी लागते, त्याला दुसरा रस्ता नाही.

मराठीसाठी असा कालक्रमाचा कोश आजही हवा आहे. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात पुण्यात निघाला, तो फार मोठे काम आहे. पण ‘मुलगा कॅनडात सेट झाला’, ‘त्याची वरपर्यंत सेटिंग आहे’, ‘सेटर सुट्टीवर आहे’ ही वाक्ये त्यानंतरची. यातला मधला अर्थ, ओळखीने आतून काम जमवण्याचा, आपल्याकडच्या बोलण्यात घडला आहे आणि तो आपणच नोंदवला पाहिजे. त्यासाठी लागते ती साधी चिठ्ठी : वर शब्द, खाली ऐकलेले किंवा छापलेले पूर्ण वाक्य, गाव, आणि न चुकता साल.