घंटा नाही, मनोरा नाही: गावातल्या छोट्या बॅप्टिस्ट चर्चमागची गोष्ट

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडण्याकडच्या एका गावात चिऱ्याचं एक कौलारू घर आहे, पुढे सोपा, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, दारावर साधा क्रॉस, आणि तेच तिथलं बॅप्टिस्ट चर्च. पहिल्यांदा येणारा माणूस विचारतोच, गोव्यात इगर्ज, म्हणजे चर्च, तर पांढरीशुभ्र, उंच, घंटेवाली, मग हे असं कसं?

मला वाटतं यामागे पैसा आहे तेवढीच श्रद्धाही आहे. तिसवाडी, बार्देस, सासष्टी या गोव्याच्या जुन्या तालुक्यांत १६व्या शतकात इगर्जी उभ्या राहिल्या तेव्हा मागे पोर्तुगीज सत्ता होती, शिवाय पाडलेल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न इगर्जींकडे वळवलं गेलं आणि बराचसा खर्च गावकरींवर, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थांवर (आजच्या कोमुनिदादी) पडला. पेडणं पोर्तुगीजांकडे गेलं ते पार १७८८ मध्ये, तोवर ते धोरण बदललं होतं, म्हणून इकडे देवळं टिकली आणि देवळातलं कीर्तन-भजन मराठीतच राहिलं. बॅप्टिस्टांना तर ना राजाचा आधार ना गावकरीचा.

मुळात हा पंथ सुरू झाला १६०९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला, इंग्लंड सोडून आलेल्या लोकांत. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा नको, समजून-उमजून विश्वास ठेवणाऱ्याचाच व्हावा, हे त्यांचं म्हणणं, पुढे तो पूर्ण पाण्यात बुडवून द्यायची रीत पडली. वर बिशप नाही, प्रत्येक मंडळी, म्हणजे एका चर्चमधली माणसं, आपलं आपण ठरवते. त्यामुळे इमारतीत बायबलचं वचन वाचायला नि सांगायला जागा असली की झालं, मूर्ती नाहीत, नक्षीची वेदी नाही.

आता आपल्या भाषेचा भाग, जो मला सगळ्यात जवळचा वाटतो. विल्यम कॅरी हा बॅप्टिस्ट मिशनरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आला, ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते म्हणून १८०० पासून डॅनिश लोकांच्या ताब्यातल्या, बंगालमधल्याच श्रीरामपूरला (सेरामपूर) राहिला, आणि तिथे बसून त्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये मराठी शब्दकोश छापला, मदतीला वैजनाथ पंडित होते. १८११ मध्ये मराठी नवा करार (बायबलचा येशूविषयीचा भाग) आला, पुढच्याच वर्षी छापखान्याला मोठी आग लागून कितीतरी टाइप नि हस्तलिखितं जळाली, तरी काम थांबलं नाही आणि १८१८ मध्ये कोंकणी नवा करारही निघाला! गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं धर्मन्यायालय, जेमतेम १८१२ मध्ये बंद झालेलं, तेव्हा हे पुस्तक इकडे उघडपणे वाचत बसणं सोपं नव्हतंच.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, सरहद्द गेली, बाहेरून माणसं कामाधंद्याला येऊ लागली. अशा छोट्या मंडळ्या आधी कुणाच्या तरी घरात जमतात, माणसं वाढली की खोली भाड्याने घेतात, मग जमलं तर स्वतःची जागा. या कौलारू घरात बाप्तिस्म्याची टाकी नाही. म्हणून बाप्तिस्मा असला की पास्टर बाहेर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात आणि बायका काठावर कोरडे टॉवेल धरून थांबतात.