मामा तलाव सरकारजमा झाले, मग सांभाळलं कोणी?

मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, दुरुस्त करायचं बोलणं परत सुरू झालंय म्हणून थोडं मागचं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत, बरेचसे गोंड राजांच्या काळात कोहळी या शेतकरी समाजाच्या लोकांनी बांधलेले, गोंदियातला नवेगावबांध तलाव त्यातलाच. तो इतिहास इथल्या लोकांना माहीतच आहे.

खरा घोळ १९५० च्या कायद्याचा. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणाऱ्या मालगुजाराची गावावरची मालकी, रद्द झाली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी काही गोड नव्हती, कुळं राबवली जायची, ती गेली ते बरंच झालं. पण तिच्याबरोबर उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवर (बांधावर) माती टाकणं, धानाला कधी आणि कोणाच्या बांधीत आधी पाणी सोडायचं हे ठरवणं, ही गावाची रीतसुद्धा गेली आणि तिच्या जागी काय, हे कोणी बघितलंच नाही. मग पाणीपट्टीचा वाद. सरकार म्हणे पट्टी भरा, शेतकरी म्हणे आमचा निस्तार हक्क, म्हणजे गावाने तलावाचं पाणी वापरायचा जुना हक्क, कागदावर आहे, पैसे कशाचे? माझ्या मते शेतकऱ्यांचं बरोबर होतं. पण पट्टी नाही म्हणून दुरुस्तीला पैसा नाही असं झालं आणि तलाव गाळाने भरत गेले. महाराष्ट्र झाल्यावर छोटे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, तरी तेच.

नंतर मासेमारीचे ठेके आले, रोहू-कटलाचं बीज सोडलं, बेशरम नावाचं झुडूप तलावात माजलं, देशी मासे कमी झाले आणि पोट ढिवरांचं, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचं, मारलं गेलं. अलीकडे काही गावांत ढिवर बायापुरुषांनीच मार्ग काढला, बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरला आणि चांगल्या तलावातल्या पाणवनस्पती आणून लावल्या, कारण कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणता काय खातो हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. देशी मासे परत दिसायला लागले.

२०१७ पासून गाळ काढायची सरकारी योजना आहे, गाळ शेतात जातो हे चांगलंच. पण जेसीबीने सगळा तळ सारखा खरवडला तर काठाचा उथळ भाग जातो, वनस्पती तिथेच वाढतात. कुठे खोदायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे खोदायच्या आधी ढिवरांना विचारलं पाहिजे.