टू-ए-वन आणि थ्री-नॉट-थ्री: आधी बॉडी बघा

बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी बंदूक कारखान्याची 7.62 रायफल, म्हणजे टू-ए-वन, अमेरिकेत किंवा कॅनडात विकायला निघाली, की वर्णनात एक वाक्य हमखास असते: ‘मूळची थ्री-नॉट-थ्री, नंतर 7.62 मध्ये बदललेली.’ धादांत चूक. पण विकणारा लिहितो, घेणारा मान डोलावतो आणि उद्या स्वतः विकायला बसला की तेच वाक्य उतरवतो.

थ्री-नॉट-थ्री मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. पोलिसांच्या खांद्यावर ती आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. एसएमएलई, म्हणजे शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, नंबर 1 मार्क 3 स्टार, दहा गोळ्यांचे मॅगझिन, पुढे बोथट नाक. एवढे पुरे.

टू-ए आली 1962 च्या चीन युद्धानंतर. सैन्यात एसएलआर ही आपोआप भरणारी रायफल येत होती आणि तिची गोळी 7.62 नाटो. तीच गोळी चालवणारी बोल्टची, म्हणजे दांडा हाताने ओढून प्रत्येक गोळी भरायची, रायफल हवी म्हणून इशापूरने जुन्याच आराखड्यावर रायफल घडवली, पण बॉडीसकट नवी; बॉडी म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो आणि नळी ज्याला बसते तो पोलादी सांगाडा. पोलाद जास्त दाब सोसणारे घेतले आणि काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड नाही म्हणून रिकामे काडतूस ओढून काढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरही, बदलला. टू-ए आणि टू-ए-वन यांच्यात मागच्या साइटचा फरक: पहिलीवर 2000 यार्डांपर्यंतचे आकडे, दुसरीवर 800 मीटरपर्यंतचे. यावर याहून जास्त शाई खर्च करू नये.

मग ‘बदललेली’ ही वावडी आली कुठून? बहुधा ब्रिटिशांकडून. त्यांनी खरोखरच जुन्या रायफली 7.62 मध्ये बदलल्या. एल-42-ए-1 ही स्नायपर रायफल त्यातलीच. पण ती नंबर 4 या नंतरच्या ली-एनफिल्डपासून केलेली, नंबर 1 पासून नाही. तिकडे बदलल्या म्हणून इकडेही बदलल्या असणार, असे लोकांनी परस्पर ठरवून टाकले.

हा वाद नुसता शब्दांचा असता तर मी गप्प बसलो असतो. पण समोरची रायफल दहा ठिकाणच्या भागांची असते, तेव्हा याच गैरसमजातून कुणीतरी म्हणतो, ‘इशापूरने केलेच होते, मग मीही थ्री-नॉट-थ्रीच्या बॉडीला 7.62 ची नळी लावतो.’ इशापूरने हे केलेले नाही. बोल्टचे लग, म्हणजे त्याला बंद धरणारे कान, बॉडीच्या मागच्या भागात अडकतात, प्रत्येक गोळीचा धक्का तिथेच बसतो, आणि जुन्या बॉडीचे पोलाद कमी दाबाच्या काडतुसाच्या हिशेबाने घेतलेले. नळी बदलल्याने बॉडी बदलत नाही.

म्हणून ओळख पटवायची ती बॉडीवरून. दस्ता जिथे बॉडीत बसतो, तिथला उजवा पट्टा बघा. राकेलच्या फडक्याने हलक्या हाताने पुसा आणि टॉर्च आडवी धरा. समोरून प्रकाश टाकला तर काळ्या रंगाखाली काही दिसत नाही. आडव्या उजेडात अक्षरांच्या कडा उठतात. मुकुट, जीआरआय ही ब्रिटिश राजाची अक्षरे, इशापूर आणि 1947 च्या आधीचे साल दिसले तर ती थ्री-नॉट-थ्री, मग बाकी अंगावर काहीही चढवलेले असो. टू-ए-वनच्या पट्ट्यावर 7.62 आणि 2A1 असे सरळ कोरलेले असते, सोबत साठ-सत्तरच्या दशकातले साल.

चौकोनी मॅगझिन दिसले म्हणजे टू-ए-वन, असे म्हणणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. मॅगझिन हाताने निघते. एसएलआरसारखी बट प्लेट? ती दस्त्यावर असते आणि दस्ता एका लांब बोल्टवर उभा. चेंबरखाली फोरएंडमधून, म्हणजे नळीखालच्या लाकडातून, आरपार गेलेला स्क्रू तर भारतात दुरुस्त झालेल्या कितीतरी थ्री-नॉट-थ्रींनाही आहे. आखूड नळी आणि पुढे नरसाळे लावून ‘जंगल कार्बाइन’ म्हणून खपवलेल्या टू-ए-वन ही व्यापाऱ्यांची करामत; अशी रायफल सैन्याने कधी वापरली नाही.

आता नंबर. फोरएंड, नाक, साइट यांचे नंबर जुळत नसले तर जीव जाळू नका. आर्मररने समोरच्या पेटीतला भाग उचलून बसवला, रायफल परत कामाला लागली. तोही तिचा इतिहासच. ‘जुळणारे’ भाग शोधून तो पुसणे, आणि त्याहून वाईट म्हणजे नवे नंबर ठोकणे, मला अजिबात मान्य नाही. फक्त बोल्टला सूट नाही. त्याचे लग त्याच बॉडीला बसवलेले असतात, म्हणून बोल्टवरचा नंबर वेगळा असेल तर दोन्ही लग नीट टेकतात का आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळी जागा, किती, हे जाणत्या गनस्मिथकडून तपासल्याशिवाय गोळी घालू नये. इथेही दोघींची गल्लत होतेच: थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस बुडाच्या कडेवर टेकते, 7.62 चे खांद्यावर, म्हणजे ते तोंडाकडे निमुळते होते तिथे. एकीचे हेडस्पेस मोजायचे गेज दुसरीला चालत नाही.

डागडुजीत माझा राग दोन गोष्टींवर. पहिली, लाकडावर सँडपेपर: तपासणीचे ठसे कायमचे जातात. मळ काढा, कच्चे जवसाचे तेल थोडे थोडे मुरवा, बस. दुसरी, इशापूरचा काळा रंग खरवडून खाली निळसर चमक काढणे. तो रंग कारखान्याचाच आहे, ओबडधोबड असला तरी.

भारतात बसून हे करायचा विचार असेल तर सोडून द्या; दोन्ही बोअर सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाहीत. म्हणून तर इशापूरची .315 आहे. तिची घडण याच एनफिल्डची, आणि हल्ली तिलाही ‘बदललेली थ्री-नॉट-थ्री’ म्हणणारे भेटायला लागले आहेत.