मोजक्या पैशांत सेकंडहँड लेन्स: घेण्याआधी काय पाहाल

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दुकानात कॅमेऱ्याच्या वापरलेल्या लेन्सची खरेदी-विक्री होते आणि दुरुस्तीही. काउंटरवर सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "दहा-पंधरा हजारांत चांगली लेन्स बसेल का हो?" बसते. कॉलेजातली मुलं, नुकतीच साखरपुड्याची-बारशाची कामं घ्यायला लागलेली मंडळी, निवृत्तीनंतर पक्ष्यांचा नाद लागलेले काका-काकू, सगळ्यांना बसते. फक्त लेन्सच्या नावावर भुलायचं नाही, तिच्या काचेची अवस्था बघायची. आतून फंगस (बुरशी) धरलेली नामांकित लेन्स अर्ध्या किमतीत मिळाली तरी महागात पडते, आणि साधीशी ५० एमएम (हा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ येतं) स्वच्छ असली तर वर्षानुवर्षं साथ देते. खरेदी आमच्याकडून करा किंवा दुसरीकडून, खालच्या गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आधी बॉडी सांगा

लेन्स पसंत करण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचं, म्हणजे बॉडीचं, मॉडेल नीट लिहून आणा, जमलं तर कॅमेराच घेऊन या.

कॅननच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेला कॅमेरा) लेन्स काढून माउंटकडे, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याकडे, पाहा. लाल ठिपका आणि पांढरा चौकोन अशा दोन्ही खुणा असतील तर ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही प्रकारच्या लेन्स बसतील. नुसता लाल ठिपका असेल तर बॉडी बहुधा फुलफ्रेमची (मोठ्या सेन्सरची) आहे, तिच्यावर ईएफ-एस बसणार नाही. २०१८ पासूनच्या आर मालिकेच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) बॉडीवर या जुन्या लेन्स अडॅप्टर (मधली जोडकडी) लावून ऑटोफोकससकट चालतात, पण अडॅप्टरचे पैसे बजेटमध्ये धरा.

निकॉनवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं, कारण सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते. निकॉनचं एफ माउंट १९५९ पासूनचं आहे, त्यामुळे जुनी लेन्स खटकन बसते आणि माणूस खूश होतो. पण ५० एमएम एफ/१.८ डी यासारख्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी९० किंवा डी७२०० मध्ये ती आहे. डी३५०० आणि डी५६०० मध्ये नाही. म्हणजे फोटो निघेल, पण फोकस दर वेळी हाताने करावा लागेल. झेड बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर लावला तरी डी लेन्सचं तेच. अशा बॉडीसाठी लेन्सवर एएफ-एस (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं पाहून घ्या. एएफ-पी लिहिलेली लेन्स नव्या बॉडीवर उत्तम, पण डी९० किंवा डी३१०० वर ती फोकसच करत नाही.

सोनीत ए माउंट आणि ई माउंट वेगळे, बॉडी ई माउंटची असेल तर स्वस्त दिसली म्हणून ए माउंटची उचलू नका. सिग्मा आणि टॅमरॉनची एकच लेन्स वेगवेगळ्या माउंटमध्ये मिळते, तेव्हा हातातली लेन्स कोणत्या माउंटची आहे ते विचारा. फिल्मच्या काळातल्या काही सिग्मा लेन्स कॅननच्या डिजिटल बॉडीवर एरर दाखवतात, त्या आपल्या बॉडीवर लावून पाहिल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत.

पैसे कशात घालावेत

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) ५५ एमएमवर नेली की तिचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/५.६ होतं; एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. ५० एमएम एफ/१.८ त्या मानाने साधारण दहापट प्रकाश आत घेते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये किट लेन्सला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागत असेल तिथे हिला ६४० पुरतो, आणि फोटोत दिसणारे दाणे (नॉइज) बरेच कमी होतात. म्हणून पहिली जुनी लेन्स कोणती घ्यावी असं कुणी विचारलं की आमचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. कॅननमध्ये जुनी ५० एमएम 'टू' आणि २०१५ ची एसटीएम अशा दोन्ही बाजारात फिरतात. थोडे पैसे जास्त जातील, पण एसटीएम घ्या. तिचं माउंट धातूचं आहे, आधीचीचं प्लॅस्टिकचं. शिवाय तिचा फोकस त्या मानाने शांतपणे होतो, व्हिडिओत मोटरची घरघर कमी येते.

क्रॉप सेन्सरवर (फुलफ्रेमहून लहान सेन्सर) ५० एमएम मात्र ७५-८० एमएमसारखी वागते. पोर्ट्रेटला छान, पण वन-बीएचकेमधल्या बारशाला भिंतीला पाठ लावूनही सगळे फ्रेममध्ये मावत नाहीत. घरातल्या समारंभांसाठी निकॉनची डीएक्स ३५ एमएम एफ/१.८ किंवा कॅननची ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ बघा.

फ्लेमिंगोंसाठी लेन्स मागणारे ग्राहक हिवाळा लागला की वाढतात. ठाणे खाडीच्या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर (महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय) दर्जा मिळाला, ऐरोलीहून बोट सुटते, नेरुळच्या डीपीएस तलावाकाठी तर पक्षी बरेच जवळ दिसतात. यासाठी लगेच ६०० एमएमचं स्वप्न बघू नका. कॅननची ५५-२५० एसटीएम क्रॉप बॉडीवर ४०० एमएमइतकी जवळ आणते, हलकी आहे आणि कडांपर्यंत चांगली शार्प आहे. नावात एसटीएम आहे ना हे तेवढं पाहा, कारण तिचे आधीचे अवतारही त्याच आकड्यांनी विकले जातात. निकॉनवर ७०-३०० बघा, तीही व्हीआर (निकॉनचा स्टॅबिलायझर, हाताचा हलका कंप सावरणारा) असलेली. बोट हलते आणि पक्षीही हलतो, तेव्हा स्टॅबिलायझरच्या भरवशावर न राहता शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा.

१८-२०० सारख्या 'सगळ्यात चालणाऱ्या' झूम जुन्या घेताना आम्ही सावध करतो. हलणारे भाग जास्त असतात, आणि लेन्स खाली धरली की नळी आपोआप घसरत असेल तर ती भरपूर वापरलेली आहे एवढं नक्की.

बजेट पंधरा हजार असेल तर लेन्स तेरा हजारांपर्यंतचीच बघा. उरलेले पैसे कव्हर, फिल्टर आणि हवाबंद डब्याला लागतात. डबा का, ते पुढे येतंच.

फंगस

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की कपाटातल्या चपलांवरही बुरशी येते. लेन्सच्या आतली काच त्याला अपवाद नाही. हवेतली आर्द्रता बराच काळ साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली आणि लेन्स अंधारात, न वापरता पडून राहिली की फंगस धरतो. म्हणूनच 'दोनदाच वापरलीय, कपाटातच होती' हे ऐकून खूश होऊ नका. खाडीलगतच्या घरात चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवलेली कोरी दिसणारी लेन्स आम्ही अधिक बारकाईने तपासतो. चामडं ओल धरून ठेवतं.

तपासायचं कसं? दोन्ही टोप्या काढा. मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेकडून तिरपा मारा आणि पुढून आत पाहा, मग उलट बाजूने. ॲपर्चर पूर्ण उघडं हवं. धूळ सुट्या ठिपक्यांसारखी दिसते. ती प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते आणि फोटोत उतरत नाही, तिच्यासाठी सौदा मोडू नका. फंगस कोळ्याच्या जाळ्यासारखा, कडेकडून आत पसरणाऱ्या बारीक तंतूंचा दिसतो. कधी तंतू दिसत नाहीत, नुसतं धुरकट सावट असतं, त्याला आम्ही हेझ म्हणतो. त्याने काँट्रास्ट मरतो, समोरून दिवा आला की अख्खा फोटो पांढुरका होतो. आणि कडेला इंद्रधनुष्यी रंगाचे डाग दिसले तर चिकटवलेल्या दोन काचा एकमेकींपासून सुटायला लागल्या आहेत. अशी लेन्स ठेवून द्या, तिची दुरुस्ती परवडत नाही.

फंगस अगदी पुढच्या किंवा मागच्या काचेवर, कोवळा असेल तर साफ होतो. मधल्या काचांवर असेल तर लेन्स पूर्ण उघडावी लागते. जुना फंगस काचेवरचं कोटिंग खातो, मग साफ केल्यावरही त्याची नक्षी कायमची राहते. म्हणून 'थोडा फंगस आहे, साफ होऊन जाईल' असं कुणी म्हणालं तर साफ करून दाखवा म्हणावं, मग किमतीचं बोलू. कडक उन्हात ठेवून फंगस मरतो असं सांगणारेही भेटतात. डाग त्याने जात नाहीत, आतलं ग्रीस पातळ होऊ शकतं, आणि टोपी नसलेली लेन्स उन्हात ठेवली तर आगीचा धोका असतो. हा प्रयोग घरी करू नका.

बाकीची तपासणी

पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत बहुधा दिसत नाही, मागच्या काचेवरचा दिसू शकतो. माउंटजवळच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर लेन्स कुणीतरी उघडली आहे. का उघडली ते विचारा. फिल्टरची कडा चेपलेली असेल तर लेन्स पडलेली आहे. हलवल्यावर आत खुळखुळ वाजली तरी घाबरू नका, स्टॅबिलायझरवाल्या काही लेन्समध्ये कॅमेरा बंद असताना ते साहजिक असतं.

ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आलं की ती संथ होतात. निकॉनच्या बहुतेक जुन्या लेन्सला मागे छोटी दांडी असते, ती बोटाने सरकवून सोडा, पाती चटकन मिटली पाहिजेत. कॅननमध्ये दांडी नसते. तिथे ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर आपण ठरवतो, शटर कॅमेरा) एफ/१.८, एफ/५.६ आणि एफ/११ ला एकाच भिंतीचे फोटो काढा. तिन्ही सारखे उजळ यायला हवेत. एफ/११ चा पांढरा पडला तर पाती वेळेत मिटत नाहीत.

मग वर्तमानपत्राचं पान भिंतीला सपाट चिकटवा, कॅमेरा समोर सरळ धरा आणि सगळ्यांत मोठ्या ॲपर्चरला फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा. चारही थोडे मऊ असतील तर चालतं. एकच कोपरा विरघळल्यासारखा असेल तर आतली काच जागची हललेली आहे. डीएसएलआर असेल तर हाच फोटो एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर पाहून) फोकस करून काढा. लाइव्ह व्ह्यूमधला शार्प आणि दुसरा मऊ आला, तर काच ठीक आहे, फोकस जुळवून घ्यावा लागेल एवढंच. काही बॉडींमध्ये ते मेनूतूनच जमतं.

अनोळखी माणसाकडून घेताना

ठाणे स्टेशनच्या सॅटिसवर (स्टेशनबाहेरचा बसचा पूल) संध्याकाळच्या गर्दीत पाच मिनिटांत सौदा उरकू नका. दिवसाउजेडी भेटा, बॉडी सोबत न्या, निदान अर्धा तास मागा. घाई करणाऱ्याकडून घेऊ नका. मूळ बिल मागा आणि त्यावरचा सिरिअल नंबर लेन्सवरच्या नंबराशी पडताळा. नंबर खरवडलेला असेल तर तिथेच थांबा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

लेन्स न बघता आगाऊ पैसे पाठवू नका. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, कुरिअरने पाठवतो' ही बतावणी जुनी आहे, तरी लोक अजून फसतात. आपली लेन्स विकताना लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. 'क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील' म्हणणारा तुमचेच पैसे काढतोय. फसलात तर लाजू नका, वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

घरी नेल्यावर

झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्याने काम भागतं. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहू द्या. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ते भरलं, गरम करून पुन्हा वापरता येतं. डांबराच्या गोळ्या डब्यात ठेवू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. तांदूळही नकोत, त्यांची भुकटी आत जाते. पावसाळ्यात लेन्स आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा. एसी गाडीतून येऊरच्या जंगलात उतरलात तर बॅग लगेच उघडू नका, लेन्स बाहेरच्या हवेइतकी गरम होईपर्यंत थांबा, नाहीतर काचेवर दव धरतं.

आमच्याकडे

प्रत्येक लेन्ससोबत तिच्यातले दोष लिहिलेली चिठ्ठी असते: धूळ कुठे आहे, ओरखडा कुठे आहे, उघडली होती का. पक्कं बिल मिळतं, त्यावर सिरिअल नंबर असतो. नेल्यापासून सात दिवसांत चिठ्ठीत न लिहिलेला दोष आढळला तर लेन्स परत आणा, पूर्ण पैसे देऊ. तुम्ही दुसरीकडे पाहिलेली लेन्स टॉर्चखाली तपासून हवी असेल तर तीही घेऊन या, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते. निवांत तपासायचं असेल तर आठवड्यातल्या दिवशी दुपारी या आणि कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज करून आणा.