पोर माजले आहे की खचले आहे?

कोल्हापुरात वयात आलेल्या मुलाबद्दल घरात तक्रार सुरू झाली की एक शब्द हमखास येतो: ‘माज’. उलट उत्तर दिले तर माज, खोलीचे दार लावून घेतले तर माज, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणात लोळत राहिले तर माज, आणि चाचणी परीक्षेत गुण घसरले तर तो त्याच माजाचा पुरावा. अडचण अशी की या चारही गोष्टी किशोरवयातल्या नैराश्यातही दिसतात. एक वयाबरोबर येणारा आणि वयाबरोबरच ओसरणारा हेकटपणा, दुसरा उपचार लागणारा आजार. पण बाहेरून दोन्हींचे रूप इतके मिळतेजुळते असते की घर, शाळा आणि गल्ली या दोहोंना एकच नाव देऊन मोकळी होते.

हेकटपणाचे कारण बरेचसे शरीरात आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय मानते. या काळात भावना चटकन पेटवणारी मेंदूतील यंत्रणा जोरात कामाला लागलेली असते, तर परिणामांचा विचार करून आवर घालणारा कपाळामागचा भाग थेट पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरकही या वयात रात्री उशिरा स्रवू लागते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज ८ ते १० तास झोप लागते, आणि आपण मात्र त्याला पहाटेच्या क्लाससाठी साडेपाचला उठवतो व रात्री अकरापर्यंत अभ्यासाला बसवतो. रविवारी ते बारापर्यंत झोपले तर त्यात आळस किती आणि थकबाकी किती, हा हिशेब फारसे कोणी मांडत नाही.

या हेकटपणाची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: तो माणूस आणि जागा पाहून येतो. मंगळवार पेठेतला सोळा वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. घरी तो वडिलांशी दोन शब्द सरळ बोलत नाही, आजीने हाक मारली की कपाळाला आठ्या घालतो आणि ताटावरून अर्धवट उठतो. परंतु पेठेच्या संघाचा सामना असला की शाहू स्टेडियमवर सर्वांच्या आधी हजर असतो, हरल्यावर दोन दिवस हळहळतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला जातो, आणि रंकाळ्याच्या कट्ट्यावर मित्रांमध्ये त्याचे हसणे दुरून ऐकू येते. या मुलाचे घराशी भांडण आहे, जगण्याशी नाही. त्याला समज द्यावी लागेल, कधी कडक शब्दांतही, पण तो आजारी नाही.

आता त्याच मुलाने महिनाभर स्टेडियमकडे पाठ फिरवली आहे, मित्रांचे फोन उचलत नाही, आवडता तांबडा रस्सा समोर असूनही दोन घास खाऊन उठतो आणि सामना कोण जिंकले याची त्याला विचारपूसही करावीशी वाटत नाही, असे समजा. घरच्यांशी वागणे पूर्वीइतकेच तुसडे आहे, म्हणून त्यांना काही बदलले असे वाटत नाही. वास्तविक सगळे बदलले आहे. नैराश्याचे निदान करताना तज्ज्ञ प्रामुख्याने दोन गोष्टी शोधतात: बहुतेक सारा दिवस टिकणारे खिन्न मन आणि आवडत्या गोष्टींतून उडालेला रस. यांपैकी एक तरी असावी लागते. जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला नालायक समजणे, मरणाचे विचार अशी इतर लक्षणे पाहिली जातात, आणि हे सारे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, पूर्वीच्या वागण्यापेक्षा वेगळे असावे लागते.

गोंधळाचे मूळ मात्र पुढे आहे. मोठ्या माणसाचे नैराश्य उदास चेहऱ्याने येते अशी आपली समजूत असते, पण मुलांच्या व किशोरांच्या बाबतीत खिन्नतेच्या जागी नुसती चिडचिड असू शकते, हे निदानाच्या निकषांतच मान्य केलेले आहे. म्हणजे ज्या उर्मट उत्तराबद्दल मुलाला थप्पड बसते, ते उत्तरच कधीकधी आजाराचे लक्षण असते. त्यातही मुलग्याला रडायची मुभा नसते; तालमीच्या या गावात ‘पैलवानगडी रडतो होय?’ हे वाक्य त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. मग दुःखाला बाहेर पडायला रागाचीच वाट उरते. काही मुलांत ते सततच्या डोकेदुखीच्या किंवा पोटदुखीच्या रूपाने निघते, आणि शाळेच्या वेळेलाच दुखते म्हणून त्याला ‘थेरं’ म्हणतात.

मुलींचे प्रकरण याहून बिकट आहे. वयात आल्यानंतर नैराश्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलग्यांच्या जवळपास दुप्पट आढळते, पण खचलेली मुलगी बहुधा भांडत नाही. ती गप्प होते, मैत्रिणींकडे जाणे सोडते, सांगितलेले काम निमूट करते आणि मान खाली घालून अभ्यासाच्या पुस्तकासमोर बसून राहते. त्याच पानासमोर ती तासभर बसली आहे, हे कोणी पाहत नाही. पाहुणे तिला ‘गुणाची पोरगी’ म्हणतात. आपली कसोटी इथेच चुकते, असे माझे मत आहे. मूल थोरांचा मान ठेवते की नाही, यावरून आपण त्याची तब्येत ठरवतो. या कसोटीने हेकट पण निरोगी मुलगा बिघडलेला ठरतो आणि आतून विझत चाललेली मुलगी आदर्श ठरते. मान ठेवण्याविषयी नंतर बोलता येईल; आधी विचारायचा प्रश्न असा की याला किंवा हिला काल जे आवडत होते, त्याचे आज काय झाले?

थकवा आणि निरुत्साह यांमागे दरवेळी मनच असते असेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे मुलगी सारखी दमत असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेणे हे पहिले, स्वस्त आणि कोणाला लाज न वाटणारे पाऊल आहे.

दडपणाचा प्रश्न हेकटपणा आणि नैराश्य या दोन्हींच्या मध्ये उभा आहे. दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागतात, त्यावर फोटो आणि टक्के. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा ७२० गुणांची, आणि त्यातला आकडा नातेवाइकांच्या लग्नातही विचारला जातो. ज्याचा फलक लागला नाही, तोही त्याच चौकातून क्लासला जातो. अशा दडपणाखाली चिडणे, घाबरणे, परीक्षेच्या आधी झोप उडणे हे स्वाभाविक आहे आणि परीक्षा संपली की ते बहुतांशी उतरते. नैराश्य परीक्षेबरोबर संपत नाही. दडपणाने त्याचा धोका वाढतो हे खरे, पण ते फक्त दडपणानेच येते असे नाही. घराण्यातला आजार, छळ, आप्ताचा मृत्यू अशी कारणे असू शकतात, कधी डोळ्यांना दिसेल असे एकही कारण नसते. ‘त्याला काय कमी आहे? गाडी दिली, मोबाइल दिला,’ हे वडिलांचे वाक्य म्हणूनच गैरलागू ठरते. मधुमेह झालेल्या माणसाला आपण असे विचारत नाही.

उलट दिशेची चूकही हल्ली दिसते. रील पाहून पेपर कठीण गेला तरी ‘डिप्रेशन आलंय’ म्हणणारी मुले आहेत, आणि दोन दिवस मूल गप्प राहिले म्हणून धास्तावणारे पालकही आहेत. त्यांची चेष्टा करण्यात अर्थ नाही, कारण ज्या मुलाला उदासीसाठी दुसरा शब्दच कोणी शिकवला नाही, ते हाताशी आला तो शब्द वापरणार. दोन आठवड्यांची मोजपट्टी इथे उपयोगी पडते, मात्र तिला एक अपवाद आहे. मरणाची भाषा, स्वतःला इजा करणे किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकणे दिसले तर दिवस मोजत बसू नये. ‘तुला जगू नये असे वाटते का?’ असे शांतपणे थेट विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. असला तर तो बोलून दाखवायला जागा मिळते. पोलीस केसच्या भीतीने अशा गोष्टी दडवणारी घरे अजून आहेत. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले आहे आणि तिच्यावर त्याबद्दल खटला चालवू नये असे सांगितले आहे. कायद्याची नजर बदलली, गल्लीची बदलायची आहे.

सौम्य त्रासात समुपदेशन बहुधा पुरते. त्रास तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधांचा विचार करतात आणि ती त्यांच्याच देखरेखीखाली घ्यायची असतात. कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथल्या रांगेत ओळखीचे कोणी भेटेल या संकोचाने पाय अडखळत असतील, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही विनामूल्य, मराठीतही बोलता येते, आणि मुलाने फोन करायला नकार दिला तर आई किंवा वडील स्वतःही करू शकतात.