बाळंतिणीचे बेचाळीस दिवस आणि पैशाची वाट

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे म्हणजे चाळिशीपुढचा पारा. अशा दिवसांत सांगोला किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात एखादी बाई सुखरूप मोकळी झाली, तरी तिच्या जिवाची कसोटी पुढच्या तास-दोन तासांत असते. दिवस भरले की गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पुरवलं जात असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात आणि गर्भाशयाचे स्नायू आकसून त्यांना पिळून बंद करतात. हे आकसणं कमी पडलं तर रक्त वाहतच राहतं. अंगात आधीच रक्त कमी असेल, तर थोडा रक्तस्रावही झेपत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे इथे विसरून चालत नाही.

म्हणून बाळ जन्मल्यावर मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात. त्याने गर्भाशय घट्ट आकसतं. औषध स्वस्त आहे, पण ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. उष्णतेत त्याची ताकद हळूहळू उतरते आणि कुपीकडे बघून ते कळत नाही. नर्सबाईंनी सगळं वेळेवर केलं तरी फ्रिज वारंवार बंद पडत असेल, तर सुईतून जाणारं औषध कमजोर झालेलं असू शकतं.

रक्त किती गेलं हेही नजरेने नीट कळत नाही, अंदाज बहुतेकदा कमीच निघतो. आफ्रिकेतल्या चार देशांत २ लाखांहून अधिक प्रसूतींवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावायची आणि रक्त ठरावीक खुणेपर्यंत आलं की सगळे उपचार एकदम सुरू करायचे, एवढाच बदल त्यात केला होता. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून उद्भवणारे जीवघेणे परिणाम ६० टक्क्यांनी घटले. ही पिशवी कुठल्याही आरोग्य केंद्राला परवडण्यासारखी आहे.

आता पैशाकडे येऊ. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के. हा पैसा दिल्ली, मुंबई, जिल्हा, तालुका असा उतरत खाली येतो. वाटेत मंजुऱ्या, उपयोगिता प्रमाणपत्रं (आधीचा पैसा खर्च झाल्याचे दाखले) आणि शेवटी मार्चअखेरची धावपळ. पगार आणि इमारती या चालीने कशाबशा निभतात. औषधाचा फ्रिज चालवणाऱ्या इन्व्हर्टरची बॅटरी गेली तर मात्र पैसा त्याच दिवशी हाताशी लागतो. त्यासाठी आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे तिथल्या तिथे खर्च करता येणारा पैसा असतो, आणि गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे वर्षाला १०,००० रुपये. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यात उपकेंद्रांच्या इमारती आहेत, तपासण्यांच्या सोयी आहेत, आणि त्या हव्यातच. पण मला विचाराल तर गावपातळीवरचा तो छोटा, मोकळा पैसा आधी वाढवायला हवा. आई आणि बाळ यांच्यावरचं संकट तासांच्या हिशेबात येतं. कोटेशन मागवून मंजुरीची वाट बघण्याइतकी उसंत तिथे नसते.

बाळाचं गणितही वेळेचंच. नवजात अर्भकांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी नवजातांची काळजी घेतली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं त्यांनी १९९९ मध्ये मांडलं. आज देशभर आशाताई करतात त्या भेटींचं मूळ तिथे आहे. मूल दवाखान्यात जन्मलं असेल, तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. झोळीच्या काट्यावर वजन घेतात, काखेत थर्मामीटर लावतात, बाळाचं अंगडं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. साठ किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर लगेच दवाखाना. या सहा भेटींचा मोबदला २५० रुपये, म्हणजे भेटीमागे ४२ रुपयेसुद्धा नाहीत. जीव वाचवण्याचा इतका सिद्ध झालेला मार्ग आपण इतक्या कमी मोलात चालवतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

आणि या भेटी गावाच्या यादीप्रमाणे होतात, बाळंतीण मात्र गाव बदलते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मोहोळला दिलेली, सोलापूर शहरातल्या विडी घरकुल वसाहतीतली लेक सातव्या-आठव्या महिन्यात आईकडे येते. नाव सासरच्या उपकेंद्रात, म्हणजे जिल्हा परिषदेकडे. बाळंतपण शहरात, म्हणजे महापालिकेच्या हद्दीत. अक्कलकोटची माहेरवाशीण तर कर्नाटकातूनही येते. पंतप्रधान मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठीचे ५,००० रुपये थेट आईच्या खात्यात पडतात, ती कुठेही असली तरी. सातव्या दिवशी श्वास मोजणारी आशाताई मात्र तिच्यामागे जात नाही. माहेरच्या वस्तीतल्या आशाताईला वेळेत निरोप गेला तरच बाळाचे ते दिवस राखले जातात.

ऊसतोडीच्या टोळ्यांचं तर याहून अवघड. गाळपाच्या हंगामात बाहेरून आलेली कुटुंबं फडाशेजारी कोपी टाकून राहतात. त्यांच्यात गरोदर बायका असतात, अंगावर पिणारी मुलं असतात, पण तिथल्या आरोग्य केंद्राच्या वर्षाच्या आराखड्यात ती धरलेली नसतील, तर लस आणि मोबदला दोन्ही अपुरे पडणार. हे टाळता येतं. टोळ्यांशी करार हंगामाआधीच होतात आणि त्यांची यादी साखर कारखान्याच्या शेती विभागाकडे असते. ती ऑक्टोबरातच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोचली, तर लसींची वाढीव मागणी आणि आशाताईंच्या जादा भेटींची तरतूद पहिली मोळी पडायच्या आत करता येईल.